माजावरचा काळवीट आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात येवला तालुक्यातल्या माळरानावर आणि तिथल्या काळविटांवर एक पान दिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. एक पत्र थेट शिकारीचं आहे, तेही अमेरिकेतल्या. ते मुद्दाम घेतलं आहे, कारण त्या उत्तरातलं बरंचसं आपल्याकडच्या हरणाला नेमकं उलटं लागू पडतं.

प्रश्न : नाशिकहून पहाटे निघून ममदापूरला दोनदा जाऊन आलो. माद्या, पिल्लं, तपकिरी नर दिसले. पूर्ण काळा, लांब शिंगांचा नर मात्र एकदाही दिसला नाही. तो कधी आणि कुठे शोधायचा? (गंगापूर रोड, नाशिक)

तुम्ही कळपांमागे फिरलात, तिथेच चुकामूक झाली. माजाच्या दिवसांत कळपाच्या आगेमागे दिसणारे तपकिरी नर बहुतेक अजून स्वतःची जागा न मिळवलेले असतात. ज्याने जागा धरली आहे तो नर एकटा असतो, मोकळ्यावर असतो आणि माद्या त्याच्या हद्दीतून चरत जातील याची वाट बघत असतो. कळप पुढे सरकला की हा हद्दीच्या कडेपर्यंत सोबत जातो, थोडी आडवाआडवी करतो आणि मागे फिरतो. म्हणून कळप सोडा, जागा शोधा.

जागेची खूण म्हणजे लेंड्यांचा ढीग. हद्द धरलेला नर ठरावीक ठिकाणीच लेंड्या टाकतो, त्यामुळे उघड्या मुरमाड जमिनीवर पसरट ढीग तयार होतो. शेळ्यांच्या लेंड्या चरता चरता सांडत जातात, माळावर त्यांचा असा एका जागी ढीग होत नाही. ढिगात वरच्या लेंड्या ओलसर, काळपट आणि चकाकत्या असतील तर नर सध्या तिथे आहे. सगळ्याच राखाडी आणि दाबल्यावर भुगा होणाऱ्या असतील तर त्याने जागा सोडली आहे किंवा गमावली आहे. जवळपासच्या ताठ काड्यांवर आणि काटेरी झुडपांच्या टोकांवर काळसर चिकट डाग दिसतात. ते डोळ्यांखालच्या ग्रंथीतल्या स्रावाचे. एका नराची हद्द १ हेक्टरपासून १५-१७ हेक्टरांपर्यंत असू शकते, म्हणजे ताजा ढीग सापडला की शोध बराचसा आटोपला. गुजरातेत वेळावदरला बरेच नर अगदी खेटून लहान लहान तुकडे धरून उभे राहतात. तिथले फोटो पाहून ममदापूरला तसं दृश्य शोधू नका.

हंगाम : काळविटांचं मीलन वर्षभर चालतं, पण जोर दोनदा असतो, साधारण मार्च ते मे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर. आमचं मत विचाराल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध सगळ्यात चांगला. गवत उभं असतं, धूळ नसते, आणि पावसाळ्यानंतर नरांचा रंग गडद असतो. उन्हाळ्यात तोच नर फिकट, तपकिरी दिसू लागतो. तुम्ही एप्रिल-मेमध्ये गेला असाल तर 'तपकिरी' म्हणून सोडून दिलेल्यांपैकी एखादा चांगला वयस्क नरही असेल. म्हणून रंगावर जाऊ नका, शिंगं बघा. वर्षाच्या आतबाहेरच्या नराची शिंगं सरळ सुळ्यांसारखी असतात, पीळ नंतर येतो. तीन-चार स्पष्ट वळसे आणि वर फाकलेला इंग्रजी व्ही म्हणजे पूर्ण वाढलेला नर. खांद्याशी काळवीट ७५ ते ८५ सेंटीमीटर उंच भरतो. शिंगं त्या उंचीच्या पाऊण भागाएवढी वाटली तर तो खरोखरच मोठा आहे.

जायचं कसं : नाशिक-निफाड-विंचूर-येवला, तिथून नांदगाव रस्त्याने राजापूर आणि पुढे ममदापूर. येवल्यापर्यंतच ८०-८५ किलोमीटर होतात, तेव्हा साडेतीन-चारला निघालात तरच उजाडायच्या आधी माळावर असाल. ममदापूर हे सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र आहे. जमीन सरकारी असली तरी मन मानेल तिथे गाडी घालायची मुभा नाही. आदल्या दिवशी येवल्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा आणि पायी जायचं तर वनरक्षकाला सोबत घ्या. त्यांना चालू हंगामातल्या जागा माहीत असतात, तुमची एक चक्कर वाचते.

काळविटाची मुख्य भिस्त डोळ्यांवर असते. तुम्ही टेकाडाच्या माथ्यावर उभे राहिलात की आभाळावर तुमची आकृती उमटते आणि अर्ध्या किलोमीटरवरचा कळपही कान टवकारतो. उताराच्या खालच्या अंगाने जा, बांधाच्या किंवा बाभळीच्या सावलीत बसा आणि बसल्यावर उठू नका. सूर्योदयाआधी अर्धा तास जागेवर बसलेला माणूस त्यांच्या लेखी झुडूप असतो. साडेसातला चालत आलेला माणूस माणूसच असतो.

शेवटचं, पण याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. माजावरचा नर माणसाला लवकर भीत नाही. मान उंच, नाक आभाळाकडे, शिंगं पाठीला टेकलेली, कान खाली पडलेले, शेपटी वर वळलेली आणि घशातून घुरघुर, अशा अवस्थेत तो मादीभोवती फिरत असतो. तुम्ही ६० मीटरवर आलात तरी तो जागा सोडत नाही. यावरून 'त्याची हरकत नाही' असं लोक ठरवतात. हरकत माद्यांची असते. त्या आधी निघून जातात, नर हद्दीत एकटा उरतो आणि त्याची सकाळ वाया जाते. म्हणून अंतर नरावरून मोजू नका, मादीवरून मोजा. मादीने चरणं थांबवून मान वर केली की तिथेच थांबायचं. तिने पाय आपटला किंवा कळपातली एखादी सरळ वर उडी मारू लागली, तर चार पावलं मागे या.

प्रश्न : माझ्याकडे ४०० मिमी लेन्स आहे. काळविटाचे फोटो एकतर काळे ठिक्कर येतात किंवा पोटाचा पांढरा भाग जळतो. आणि फोकस बरोबर असूनही चित्र मऊ येतं. लेन्स खराब आहे का? (सिडको, नाशिक)

लेन्स बहुधा ठणठणीत आहे. दोन्ही दोषांची कारणं वेगवेगळी आहेत.

कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून प्रकाश ठरवतो. वाळलेल्या पिवळ्या गवतात नर लहान दिसत असेल तर चौकटीत उजेड जास्त, कॅमेरा सगळं गडद करतो आणि नराचा कोळसा होतो. तिथे एक्स्पोजर +१/३ ते +२/३ ठेवा. नर चौकट भरून असेल तर उलट होतं. काळं जास्त दिसतं म्हणून कॅमेरा उजळ करतो आणि पोट, हनुवटी, डोळ्याभोवतीचं पांढरं कडं जळून जातं. तिथे -२/३ ते -१. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर नेहमी पांढरं वाचवा. काळ्यातला तपशील नंतर वर काढता येतो, जळलेलं पांढरं परत येत नाही. दुपारच्या उन्हात मात्र काही केलं तरी दोन्ही सांभाळता येत नाही, तेव्हा घरी जा.

मऊपणाचं कारण झळा. सकाळी नऊनंतर मुरूम तापला की जमिनीलगतची हवा थरथरते, आणि १५० मीटरपलीकडच्या कोणत्याही वस्तूची कड विरघळते. महागडी लेन्सही यावर उपाय नाही. दहा फोटो सलग काढून पाहा. प्रत्येकात मऊपणा वेगळ्या जागी असेल तर झळा, सगळ्यांत सारखाच असेल तर फोकस किंवा लेन्स. एसी चालू असलेल्या गाडीची काच उतरवून लगेच फोटो काढले तरी हेच होतं, कारण खिडकीतच गार-गरम हवा मिसळत असते. इंजिन आणि एसी बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा. खिडकीवर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवली तर ट्रायपॉडची गरज नाही.

शटर चालत्या नराला १/१००० पुरतं. झुंज आणि उड्यांना १/२०००. आणि एक हिशोब लक्षात ठेवा : १०० मीटरवरचा नर ४०० मिमी लेन्सने क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमहून लहान सेन्सरवर) चौकटीच्या रुंदीचा साधारण पाचवा भाग व्यापतो. तेवढ्यात माळासकट फोटो बसवायला शिका. जवळ जाऊन 'चेहरा भरून' फोटो घेण्याच्या नादात लोक दुचाकीने कळप पिटाळतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हाकणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. काळवीट परिशिष्ट १ मध्ये आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची. हातात बंदूक नसून कॅमेरा होता, हा बचाव होत नाही.

प्रश्न : आमच्या मक्यात आणि मुगात हरणांचा त्रास आहे. एक मोठा नर तर बांधावरून हटतच नाही. शेजारी म्हणतात कुत्री सोडा किंवा तारेत करंट सोडा. दुसरं म्हणजे मागच्या उन्हाळ्यात विहिरीत एक हरीण पडलं, काढेपर्यंत मेलं. (राजापूर परिसर, ता. येवला)

नर हटत नाही कारण तुमचा बांध त्याच्या हद्दीत येतो. त्याला हाकलून उपयोग नाही. तो मेला किंवा हरला तरी दुसरा तीच जागा धरतो. नुकसान मुख्यतः कळप करतो आणि तेही पीक कोवळं असताना, पहिल्या तीन-चार आठवड्यांत. राखण तेवढ्याच काळात कडक ठेवा, पहाटे आणि दिवस मावळताना. सौर झटका मशीन चालतं, कारण त्याचा झटका क्षणाचा असतो आणि जीव घेत नाही. घरच्या लाइटचा करंट तारेत सोडणं हा गुन्हा तर आहेच, पण त्यात रात्री पाणी द्यायला गेलेली माणसंही दगावतात. कुत्री अजिबात नकोत. एकदा हरणामागे लागायची सवय झालेलं कुत्रं पुढे शेळ्याही धरतं.

नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवा. खाल्लेली रोपं उपटून दुबार पेरणी केलीत तर पंचनाम्याला काही उरत नाही. खुरांचे ठसे आणि लेंड्या यांचे फोटो तारखेसह काढा, शेजारी मोजपट्टी किंवा काडेपेटी ठेवून. शेळ्यांनी खाल्लं की हरणांनी, हा वाद तिथेच मिटतो.

विहिरीचं : हरणं पाण्याला येऊन पडतात, तशीच रात्री कुत्र्यांपुढे धावताना, जमिनीलगतची उघडी विहीर न दिसल्यामुळेही पडतात. कंबरेएवढा कठडा किंवा निदान काटेरी फांद्यांचं दाट कडं करा. पडलेलं दिसलं तर आधी १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन करा. तोवर गर्दी मागे हटवा आणि आरडाओरडा बंद करा. पाणी खोल असेल तर दोरांना बांधलेली बाज हळूच खाली सोडा, म्हणजे त्याला आधार मिळेल. स्वतः उतरू नका. घाबरलेला नर शिंगं अशी फिरवतो की पोटऱ्या-मांड्या फाटतात. बाहेर काढल्यावर डोळ्यांवर ओलं फडकं टाकलं की तो बराच शांत होतो. ही जनावरं पुष्कळदा जखमेने नव्हे, धास्तीने आणि धडपडीने मरतात; वर काढल्यावर भोवती जमून फोटो काढण्यात तीच धास्ती वाढते. पाणी पाजायचा आग्रहही नको.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो. नोव्हेंबरात मी तिथे असेन. तो मित्रांबरोबर सरकारी जंगलात पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला जातो आणि मलाही चला म्हणतो. माजाच्या दिवसांत मोठा नर मिळणं सोपं असतं म्हणे. मला नियम आणि तंत्र दोन्ही समजून घ्यायचं आहे. (इंदिरानगर, नाशिक)

तिथे हे कायदेशीर आहे, परवाना, हंगाम आणि संख्या ठरवून दिलेली असते. 'सोपं' मात्र अर्धंच खरं.

आधी नियम. १ जानेवारी १९७३ नंतर (तो दिवस धरून) जन्मलेल्याला विस्कॉन्सिनमध्ये शिकारी-प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. तुमचा जन्म त्याआधीचा असला तरी अनिवासी परवाना स्वतंत्र काढावाच लागेल. तुम्ही व्हिजिटर व्हिसावर असाल तर वैध शिकार परवाना हातात असल्याशिवाय बंदुकीला हातही लावू नका. तो संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, 'जरा धर' म्हणून हातात दिलेली बंदूकसुद्धा. नुसतं सोबत जायचं असेल तरी बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घाला. शिकाऱ्याला कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांपैकी निदान निम्मा भाग नारिंगी किंवा भडक गुलाबी ठेवणं बंधनकारक आहे. सरकारी जंगलात आसपास अनोळखी बंदुका असतात, हे विसरू नये.

आता तंत्र. काळवीट जागा धरतो. हे हरीण जागा धरत नाही, मादीमागे धावतं. म्हणून तिथे सूत्र उलटं आहे : नर शोधू नका, माद्या कुठे बसतात ते शोधा. दिवस लहान होऊ लागले की माज ठरतो, त्यामुळे दरवर्षी तो जवळपास त्याच तारखांना येतो. उत्तरेकडच्या राज्यांत जोर नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात असतो. विस्कॉन्सिनचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे ऐन भर ओसरताना. भर सापडते ती धनुष्यबाणवाल्यांना. मादी जेमतेम एक दिवस माजावर असते. त्या वेळी नर तिला घेऊन दाट झाडीत बसतो आणि दोन दिवस जंगल रिकामं वाटतं. नवखे तेव्हाच कंटाळून निघून जातात. न फळलेली मादी सुमारे २८ दिवसांनी पुन्हा माजावर येते, त्यामुळे डिसेंबरात एक छोटी लाट येते.

झाडांच्या सालीवर शिंग घासल्याच्या खुणा आणि फांदीखाली खुरांनी उकरलेली माती, या दोन्हींवर नवखे भाळतात. उकरलेल्या जागांना नर मुख्यतः रात्री भेट देतो. तिथे दिवसभर बसण्यात अर्थ नाही. घासलेल्या खोडांची ओळ मात्र उपयोगी, कारण ती वाट दाखवते. बसायची जागा म्हणजे माद्यांच्या दोन बसण्याच्या झाड्यांमधली चिंचोळी पट्टी : दलदल आणि टेकडी यांच्यामधला भाग, ओढ्याचा एकमेव उतार. माज हुंगणारा नर झाडीच्या वाऱ्याखालच्या कडेने जातो. म्हणून वारा तुमच्यावरून त्याच्या वाटेकडे वाहत नाही ना, हे आधी बघा. काळविटाच्या डोळ्यांना फसवता येतं, इथे हरणाच्या नाकापुढे काही चालत नाही. वारा बदलला की जागा सोडायची, कितीही आवडती असो.

सरकारी जंगलातली मुख्य अडचण म्हणजे बाकीचे शिकारी. बहुतेक जण गाडी लावतात तिथून फार आत जात नाहीत, आणि मोठे नर हे ओळखून असतात. दलदलीतली बेटं, काटेरी झुडपं, जिथून मेलेलं जनावर ओढून आणणं जिवावर येईल अशा जागी ते सापडतात. दुसरी युक्ती म्हणजे दुपारी उठायचं नाही. अकरा ते दोनमध्ये बाकीचे जेवायला निघतात, त्यांच्या हालचालीने हरणं उठतात, आणि माजावरचा नर तसाही भर दुपारी फिरतो. शून्याखालच्या थंडीत आठ-दहा तास बसायचं असतं. आपल्याकडचे लोक चालतानाच सगळे कपडे घालतात, घामाने भिजतात आणि तासाभरात कुडकुडतात. जाड जाकीट पाठीवर बांधून न्या, बसल्यावर घाला.

बसायच्या झाडावरच्या मंचावर चढताना पूर्ण अंगाचा हार्नेस (सुरक्षा पट्टा) जमिनीवरच बांधा, वर गेल्यावर नव्हे. पडणारे बरेचसे चढता-उतरतानाच पडतात. झाडाला खिळे ठोकू नका, सरकारी जागेत ते चालत नाही. बंदूक भरलेली असताना चढू नका. वर बसल्यावर रिकामी बंदूक दोरीने ओढून घ्या. गोळी जनावर आडवं उभं असतानाच, पुढच्या पायामागे, हृदय-फुप्फुसाच्या जागी. त्यानंतर निदान अर्धा तास जागेवरून हलायचं नाही. घाईने मागे गेलात तर जखमी जनावर उठून मैलभर पळतं आणि हातचं जातं. मोठा नर आतडी काढल्यावरही ७० ते ८० किलो भरतो, तेव्हा ओढायला प्लास्टिकची घसरगाडी न्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंद करावी लागते. त्या राज्यात हरणांना मेंदूचा असाध्य रोग आढळतो. मांस शिजवून त्या रोगाला कारण असलेला घटक मरत नाही, म्हणून डोक्याचा नमुना तपासायला द्या आणि अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच राहू द्या.

शिंगं नाशिकला आणायचा बेत करू नका. वन्यप्राण्यांचे अवयव विमानतळावर अडकतात आणि नंतर खुलासे करत बसावं लागतं.

प्रश्न : जुन्या वाड्यात पणजोबांच्या वेळची काळविटाची शिंगं भिंतीवर आहेत. वाडा पाडायचा आहे. ती नवीन फ्लॅटमध्ये नेली तर चालतील का? आणि माळावर पडलेलं शिंग उचललं तर? (पंचवटी, नाशिक)

मालकीचं प्रमाणपत्र असेल तर ते आधी शोधा आणि हलवण्यापूर्वी वनविभागाला कळवा. घराघरांतल्या अशा जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली होती. तेव्हा कुणी अर्ज केला होता का, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारा. कागद नसेल तर 'पणजोबांचं आहे' या सांगण्याला कायद्यात किंमत नाही. जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्जासह शिंगं जमा करा आणि पावती घ्या. वाडा पाडणाऱ्या ठेकेदाराच्या हाती ती लागू देऊ नका. भंगारात गेलेली शिंगं पकडली गेली की चौकशी तुमच्या दारापर्यंत येते.

माळावर पडलेलं उचलू नका. अमेरिकेतल्या त्या हरणाची शिंगं दरवर्षी हिवाळ्यात गळतात, काळविटाची गळत नाहीत. हाडावर चढलेलं ते कायमचं आवरण असतं. ममदापूरच्या माळावर अख्खं शिंग पडलेलं असेल तर तिथे नर मेला आहे किंवा मारला आहे. जागेचा फोटो आणि मोबाइलवरचं ठिकाण वनरक्षकाला पाठवा. आसपास तारेचा फास किंवा काडतुसाची टोपी दिसली तर तिला हात लावू नका.